बादलीच्या बचावार्थ

मराठी घरात पाठदुखीचे कारण शोधावे लागत नाही. ते न्हाणीघरात उभे असते आणि बहुधा पाण्याने भरलेले असते. सकाळी बादली उचलण्यासाठी वाकलेला गृहस्थ अर्ध्यावरच थबकतो, ‘उसण भरली’ एवढेच कसेबसे उद्गारतो, आणि वर्षानुवर्षे निमूटपणे सेवा बजावलेली ती बादली त्याच क्षणी आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहते. या खटल्यात फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश ही तिन्ही पदे रुग्णाकडेच असतात व ती त्याला आडवे पडून सांभाळावी लागतात, त्यामुळे निकाल थोडा घाईत लागतो. त्याची फेरतपासणी करणे अगत्याचे आहे.

प्रथम घटनास्थळाची पाहणी. जन्मतः कण्यात 33 मणके असतात. त्यांतील शेवटचे 9 पुढे आपापसांत जुळून त्रिकास्थी आणि माकडहाड अशी दोन हाडे बनतात व सुटे मणके 24 उरतात. सुट्या मणक्यांच्या दरम्यान, अगदी वरची एक जागा वगळता, एकेक चकती असते. हिलाच रुग्ण ‘गादी’ म्हणतात, आणि शास्त्राच्या कोणत्याही संज्ञेपेक्षा हा शब्द सरस आहे. अडचण आहे ती ‘गादी सरकली’ या वाक्प्रयोगाची. ही गादी वरच्या व खालच्या मणक्याला पक्की चिकटलेली असल्यामुळे सरकूच शकत नाही. तिच्या कडेला चिवट तंतूंची कडी असतात आणि मध्यभागी पाणीदार, लिबलिबीत गर असतो. कड्यांना चीर पडली की गर बाहेर डोकावतो आणि शेजारच्या मज्जातंतूच्या मुळाला टोचतो. उकडीच्या मोदकाची पारी फुटून सारण बाहेर यावे, तसाच हा प्रकार असतो, आणि फुटलेला मोदक सरकला असे कोणतीही सुगरण म्हणणार नाही. ‘मणक्यात गॅप आला’ हे दुसरे लाडके निदान तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. गादी वाळून बसकी झाल्याने दोन मणक्यांतील अंतर कमी झालेले असते.

या फुटलेल्या गादीमुळे कळ नितंबापासून पायात उतरते, हे बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी 1934 साली सप्रमाण मांडले. आयुर्वेदाने त्या दुखण्याला फार पूर्वीच गृध्रसी हे नाव दिले होते; गृध्र म्हणजे गिधाड, आणि रुग्णाची चाल त्या पक्ष्यासारखी होते म्हणून हे नाव, अशी उपपत्ती सांगितली जाते. सायटिका या शब्दात हे चित्र नाही.

आता बादलीच्या बाजूचा मुख्य पुरावा. प्रौढ माणसाच्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. ती रात्री पाणी शोषून फुगते आणि दिवसभराच्या भाराने पिळली जाते, ज्यामुळे प्रत्येक मनुष्य सकाळी संध्याकाळच्यापेक्षा सुमारे 1 ते 2 सेंटिमीटर उंच असतो. (वधूवर सूचक मंडळांनी उंचीसोबत मोजणीची वेळही का मागू नये, हा प्रश्न येथे केवळ नोंदवून ठेवला आहे.) पहाटेची गादी अशी टम्म फुगलेली असताना कमरेत वाकल्यास तिच्यावर अधिक ताण येतो. अर्थात बादलीचा गुन्हा एवढाच, की ती भल्या सकाळी भरते.

मग खरा आरोपी कोण? स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी 1960च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा पाठीला आधार न देता पुढे झुकून बसलेल्याच्या गादीवर उभे राहणाऱ्यापेक्षा अधिक दाब आढळला. मराठी मनाला हा निष्कर्ष पचणे कठीण आहे, कारण मराठीत बसणे हा सद्गुण आहे. अभ्यासाला बैठक लागते, गाण्याला बैठक लागते, आणि सरकारला जाग आणायची असली तरी ठिय्याच मारावा लागतो. कण्याला मात्र एकाच स्थितीत तासन्‌तास राहणे सोसत नाही. ती स्थिती आदर्श असली तरीही. त्यात अनुवंश, वय, धूम्रपान आणि व्यायामाचा अभाव यांची भर पडते, पण अनुवंशाला पिंजऱ्यात उभे करायचे तर वडिलांवर खटला भरावा लागतो. बादली सोयीची पडते.

छायाचित्राचा पुरावाही बेभरवशाचा असतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाठ अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले असता 52 टक्क्यांच्या निदान एका गादीला फुगवटा आढळला. म्हणजे गादीला फुगवटा असूनही माणूस खुशाल बादल्या उचलत असू शकतो, फक्त अहवाल हाती पडेपर्यंत.

सांध्यांच्या बाबतीत आरोपी निवडण्याची पद्धत हीच आहे. स्नायूला हाडाशी बांधते ती कंडरा आणि हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध, हा भेद लोकभाषेला मान्य नाही. तिच्या लेखी दोन्ही ‘नस’, आणि ती कायम ‘आखडलेली’ तरी असते किंवा ‘दबलेली’ तरी. 2004 साली सचिन तेंडुलकरच्या कोपराने महाराष्ट्रातील घराघरांत ‘टेनिस एल्बो’ हा शब्द पोहोचवला. क्रिकेटपटूला टेनिसचा आजार कसा, या शंकेचे उत्तर असे की मनगट वर उचलणाऱ्या कंडरा कोपराच्या बाहेरील उंचवट्यापाशी जेथे सुरू होतात ती जागा घट्ट पकडण्याच्या आणि पिळण्याच्या वारंवार हालचालींनी झिजते, व हे काम रॅकेटपेक्षा चादरी पिळणारे हात आणि पाने-पेचकस अधिक निष्ठेने करतात. बहुतेक रुग्णांनी रॅकेट हाती धरलेलीही नसते. अशा कोपराने कोणाला कोपरापासून नमस्कार करणे मात्र खरोखर कष्टाचे असते.

बोटे मोडल्याने संधिवात होतो, ही समजूत अमेरिकेतील डॉक्टर डोनाल्ड अंगर यांनी स्वतःवरच तपासली. त्यांनी साठाहून अधिक वर्षे केवळ डाव्या हाताची बोटे मोडली, दोन्ही हात सारखेच धडधाकट राहिले, आणि 2009 साली त्यांना विनोदी संशोधनासाठीचे इग नोबेल मिळाले. ती बोटे कोणाच्या नावाने मोडली, याची नोंद नाही.

दोष जसा चुकीच्या माथी, तसे श्रेयही. साध्या पाठदुखीचा जोर बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो आणि बाहेर आलेला गरही पुष्कळदा शरीरच जिरवते. त्यामुळे त्या सुमारास जो उपचार चालू असेल तो गुणकारी ठरतो. पायांकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू, माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही श्रद्धा याच हिशेबावर टिकली आहे. पायाळू माणसाला फक्त फार लवकर बोलावून चालत नाही.

बरा झालेला गृहस्थ कमरेचा पट्टा माळ्यावर टाकण्यासाठी स्टुलावर चढतो आणि हात वर करतो, तो हात पुरता वर जातच नाही. या दुखण्याला ‘गोठलेला खांदा’ हे नाव त्याच बोस्टनमध्ये, त्याच 1934 साली अर्नेस्ट कॉडमन यांनी दिले. ते चाळिशी ते साठीच्या दरम्यान, मधुमेह्यांत अधिक, आणि पुष्कळदा काहीही कारण नसताना उद्‌भवते. परंतु कारण नाही असे घरी सांगता येत नाही, आणि स्टूल तर पायाखालीच असते.