अर्धी वीत पाणी

मिशीवर आळ आला, त्याच दिवशी मी ते मशीन परत करायला हवं होतं.

आळ घेणारी मुलगी असेल चोवीस वर्षांची. मिरजेच्या डॉक्टरांनी सीपॅप लिहून दिलं आणि मास्क बसवून द्यायला जी टेक्निशियन सांगलीला घरी आली, ती ही. तिनं माझ्या नाकाला प्लॅस्टिकची मापपट्टी लावली, मान तिरकी करून बघितलं आणि कागदावर लिहिलं, 'मीडियम'. आमच्या घराण्यातल्या नाकाला आजवर कुणी मीडियम म्हटलेलं नाही. आजोबांचं नाक बघून वसुलीला आलेली माणसं दारातूनच परत जात, अशी आख्यायिका आहे. तो अपमान मी गिळला. मग तिनं मशीन चालू केलं, माझ्या वरच्या ओठाजवळ बोट धरलं आणि म्हणाली, "काका, लीकेज मिशीतून आहे. थोडी कमी केलीत तर?"

लीकेज! मी छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. कालव्याचं पाणी कुठं मुरतंय, गेटच्या कुठल्या कोपऱ्यातून झिरपतंय, हे मी बूट ओले न करता सांगत असे. आणि आता माझ्याच दिवाणावर बसून एक पोर मला सांगत होती की गळती तुमच्या तोंडावर आहे.

मुळात रिपोर्टातला आकडा होता ३८. म्हणजे झोपेत तासाला ३८ वेळा माझा श्वास अडतो किंवा अर्धामुर्धा चालतो. दहा सेकंदांच्या आतलं अडणं तर त्यात धरतसुद्धा नाहीत. सांगलीच्या माणसाला ३८ ऐकून हायसंच वाटणार. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, हे आमच्याकडे पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. "म्हणजे इशाऱ्याच्या आतच की!" मी म्हणालो. डॉक्टर मिरजेचे असल्यामुळे त्यांना विनोद कळला, पण ते हसले नाहीत. इथं पाचच्या आत ठीक, पंधरापासून मध्यम आणि तीसच्या पुढं गंभीर, असं त्यांनी सांगितलं. मी हिशेबाचा माणूस. सात तासांची झोप धरली, तर रात्रीत २६६ वेळा. त्यातला सर्वांत लांब थांबा ७१ सेकंदांचा.

उपाय ऐकून मात्र मला हसू आलं. घशाच्या मागचा मऊ भाग झोपेत सैल पडून वाट बुजवतो. मास्कमधून सतत हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवायची, एवढंच. दाब किती? तो मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. माझा ११. कोयनेच्या १०३ मीटर उंच भिंतीच्या पोटातल्या गॅलरीत उभा राहिलेला माणूस मी, आणि माझा जीव अर्धी वीत पाण्यावर अडलेला.

पहिला मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. तो चढवून मी आरशासमोर उभा राहिलो आणि मला स्वतःत लढाऊ विमानाचा वैमानिक दिसला. दाराशी ही उभी होती. "तासगावच्या द्राक्षबागेत फवारणीला निघाल्यासारखे दिसताय," ती म्हणाली. "पाठीवर पंप तेवढा राहिला." रात्री मास्कच्या वरच्या कडेनं डोळ्यांत वारा आणि खालून मिशीत वारा. मिशीतल्या वाऱ्याचा आवाज कुकरची शिट्टी होऊ पाहते पण होत नाही, तसा. मी पट्टे आवळले. आवाज वाढला. आणखी आवळले. सकाळी गालांवर असे वळ उठले होते की दूधवाल्यानं हिच्याकडे संशयानं बघितलं.

आता मिशीबद्दल बोललंच पाहिजे. घाई असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत. मी सोडणार नाही.

१९८४ साली राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत मला फौजदाराचं काम मिळालं. तेव्हा माझा ओठ कोरा होता, म्हणून स्पिरिट गमनं मिशी चिकटवली. दुसऱ्या अंकात आरोपीला पकडताना मी गरजलो आणि मिशीचं डावं टोक सुटून लोंबायला लागलं. आरोपीचं काम करणारा आमच्याच ऑफिसातला, वरिष्ठांना मान देणारा. त्यानं बेडीतले दोन्ही हात वर करून माझी मिशी अदबीनं दाबून बसवली आणि मग अटक करून घेतली. हशा इतका झाला की पुढची चार वाक्यं वाया गेली. त्या रात्री मी प्रतिज्ञा केली की चेहऱ्यावर परत काही चिकटवणार नाही. नाट्यपंढरीत राहून मिशीविना जगणं बरं नव्हे.

खरी मिशी आली आणि माझं नशीब पालटलं. सावकार, पाटील, मामलेदार, हुंडा मागणारा सासरा, सगळी कामं मिशीला मिळाली. मी आपला तिला रंगमंचावर नेऊन आणत असे. कॅनॉलवर मजूर साहेबांशी बोलत नसत, मिशीशी बोलत. पाळीपत्रकावरून भांडायला आलेले बागायतदार मिशीकडे बघून आवाज खाली आणत आणि मग तेच पाणी चोरून घेत. डोक्यावरचे केस गेले तेव्हा मला दुःख झालं नाही, मुख्य इमारत शाबूत होती. निवृत्तीनंतर पेन्शनचा फॉर्म भरताना ओळखीची खूण म्हणून मी 'मिशी' लिहिलं होतं. कारकुनानं ते खोडून 'उजव्या कानामागे तीळ' केलं. तो तीळ आजवर मी स्वतः पाहिलेला नाही.

तर अशा मिशीवर आळ. मी ठरवलं की गळती दुसरीकडे सापडवून दाखवायची. दुपारी मास्क घेऊन उजेडात बसलो आणि सापडलीच. नाकासमोरच्या भागात बारीक बारीक भोकं! अख्खी ओळ! हवा सरळ तिथून बाहेर. कारखान्याचा दोष. मी त्यांवर चिकटपट्टीचे दोन थर मारले आणि टेक्निशियनला फोन केला, चूक दाखवून द्यायला. ती जवळजवळ किंचाळली. "काका, काढा ती पट्टी! तुमचा उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो. बुजवलंत तर सोडलेलीच हवा परत आत घ्याल." मग जरा थांबून, बहुधा माझ्या खात्याचा विचार करून, ती म्हणाली, "सांडवा आहे असं समजा."

सांडव्यावर मी चिकटपट्टी लावली होती. ही गोष्ट खात्यातल्या कुणाला कळू नये म्हणून मी इथं लिहितो आहे, कारण खात्यातलं कुणी वाचत नाही.

दुसरा मास्क फक्त नाकावरचा. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण आपण लोकांना कोंडीत पकडायला वापरतो. ती शब्दशः खरी आहे. सर्दीनं नाक चोंदलं की माझं तोंड उघडायचं आणि नाकातून आत गेलेली हवा तोंडातून भसाभस बाहेर. जीभ वाळून चामडं. त्यावर तोड म्हणून हनुवटीखालून डोक्यावर बांधायची एक पट्टी मिळते. ती बांधून मी पलंगावर आडवा झालो. हिनं एकदा बघितलं. जबडा बांधून आडवा केलेला माणूस आपल्याकडे कधी बघतात, हे सांगायला नको. काही न बोलता तिनं गाठ सोडली आणि पट्टी कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली. ती अजून तिथंच असेल.

या सगळ्या काळात मला धीर दिला तो कॉलिन सुलिवन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं. हा उपाय त्याचा. १९८१ साली त्यानं तो 'लॅन्सेट'मध्ये मांडला. हवा फेकायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती, त्याआधी त्यानं कुत्र्यांच्या तोंडावर बसणारे मास्क केले होते, आणि सुरुवातीच्या रोग्यांचा मास्क त्यांच्या नाकाचा साचा घेऊन बनवलेला असे. तो रोज रात्री चेहऱ्याला चिकटवायचा आणि सकाळी सोडवायचा! वर्षानुवर्षं, रोज रात्री, चिकटवून. माझी मिशी एका अंकात सुटली तर मी प्रतिज्ञा केली होती. ते लोक काय सोसत होते, म्हणजे त्याआधीची त्यांची झोप काय असेल.

आणि मग एका रात्री, अडीच वाजता, मी बाथरूममध्ये जाऊन मिशी काढली.

वैराग्य वगैरे काही नव्हतं, चिडून काढली. पहिला मास्क परत चढवला, पट्टे आवळले, मशीन लावलं. गळती होती तेवढीच. तसूभर कमी नाही. चाळीस वर्षांची मिशी बेसिनमध्ये आणि वारा तसाच डोळ्यांत.

मी परत आरशाकडे गेलो तर तिथं वडील उभे होते.

वडील रोज गुळगुळीत दाढी करत. घोरत मात्र असे की लग्नघरी त्यांची गादी माडीवर, एकटी. आमच्या घरचा तो हक्काचा विनोद. १९९१ च्या नाटकात मला घोरणारा सासरा मिळाला तेव्हा मी सरळ वडीलच उतरवले. आधी चढता सूर, मग एकदम शांतता. शांततेत मी मनात आठ अंक मोजायचो. सहाला पुढच्या रांगांत खुसखुस सुरू व्हायची, आठला मी फुर्रकन श्वास ओढला की भावे नाट्यमंदिर डोक्यावर. तिसऱ्या रांगेत वडील डोळे पुसत हसत होते. टाळी घोरण्याला नव्हती, त्या थांब्याला होती. दोन वर्षांनी, एकसष्टाव्या वर्षी, ते झोपेत गेले. "भाग्यवान. झोपेतच गेले," असं जो तो म्हणाला, मीही म्हणालो. तोवर सुलिवनच्या लेखाला बारा वर्षं झाली होती. माणूस झोपेत गेला, तर झोपेत काय चाललं होतं त्याचं, हे कुणी विचारलं नाही. 'झोपेत गेले' हे आता कुणी सुखाचं म्हणून सांगायला लागलं की मी उठून जातो. लोकांना वाटतं, माणूस फटकळ झालाय.

माझ्या बाबतीत विचारणारं माणूस घरात होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले आणि स्लीप ॲप्निया हा शब्द पेपरात आला, तेव्हा हिनं ते कात्रण फ्रिजवर चिकटवलं. मी म्हणालो, त्यांच्या गळ्यात सोन्याचा भार होता, माझ्या गळ्यात काय आहे? असा मी. आणखी दोन वर्षं तसाच घोरलो. रात्री ही माझ्या पोटावर हात ठेवून झोपते, हे मी मित्रांत किती वेळा सांगितलं असेल. या वयातही, हे वर जोडून. टेक्निशियनसमोर एकदा ती सहज बोलून गेली, "हात ठेवल्याशिवाय कळायचं कसं? पोट हललं नाही की मोजायचे. पंचवीस झाले की कोपर मारायचे." मुलीनं विचारलं, "किती वर्षं, काकू?" तर ही म्हणाली, "धाकट्याच्या मुंजीपासून."

धाकटा आता छत्तीस वर्षांचा आहे.

शेवटी मास्क बसवला तो त्या मुलीनंच, पाच मिनिटांत. मला नवा, नाकपुड्यांच्या तोंडाशी दोन छोट्या सिलिकॉनच्या उश्या टेकतात असला मास्क दिला. "बसून नाही काका, झोपून लावायचा. झोपल्यावर चेहरा बदलतो." मशीन चालू ठेवून मास्क किंचित ओढून सोडला, हवेनं तो आपसूक जागेवर बसला. मग तिनं सगळे पट्टे सैल केले. सैल! आवळलं की सिलिकॉनची कड चुरगळते आणि तिथूनच गळती सुरू होते. गेटच्या रबर सीलबद्दल नव्या पोरांना मी हेच शिकवत होतो, वर्षानुवर्षं, दम देऊन. हवा ओलसर करायला मशीनच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर घातलं, नाक मोकळं राहिलं आणि तोंड मिटलेलं. जाताना तिनं माझ्या ओठाकडे बघितलं, जरा ओशाळली आणि म्हणाली, "काका, याला मिशी चालली असती."

आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्यांनी तीन दिवस माझी विचारपूस केली, काविळीची. चौथ्या दिवशी एकजण म्हणाला, "तुमचे मोठे बंधू येत होते ते हल्ली दिसत नाहीत."

मिशी परत उगवते आहे. पांढरी. सकाळी मशीनच्या पडद्यावर रात्रीचा आकडा येतो आणि सोबत एक चेहरा, मास्क नीट बसला असेल तर हसरा. साठी उलटलेल्या माणसाला हसऱ्या चेहऱ्यासाठी जीव टाकताना पाहून हिला मजा वाटते. तिचा हात आता तिच्या उशाखाली असतो. ती गाढ झोपते आणि बारीक घोरते. मी मोजून पाहिलं, थांबे नाहीत. तिला अजून सांगितलेलं नाही.

परवा रात्रभर पाऊस होता. कोयनेतून विसर्ग वाढवल्याचं टीव्हीवर सांगत होते. पहाटे कूस न बदलता तिनं विचारलं, "किती?"

मी मास्क काढला, चष्मा शोधला, पडदा बघितला. "तीन पूर्णांक एक," मी अभिमानानं म्हणालो. "चेहरा हसरा."

"अहो, पुलाला," ती म्हणाली.