विश्रांतीचा फोटो निघत नाही

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की पळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किलोमीटरांचा पाऊस सुरू होतो. अंतराचा फोटो टाकता येतो, वेगाचाही येतो. पण सकाळी सात वाजता पांघरुणात घोरतानाचा फोटो टाकून कुणी टाळ्या मिळवल्याचं ऐकिवात नाही. म्हणून सरावाच्या तीन अंगांपैकी विश्रांती कायम ग्रुपबाहेर. वास्तविक पळताना कुणी तगडा होत नाही. स्नायूंचे तंतू किंचित फाटतात, ग्लायकोजेन या इंधनाचा साठा आटतो. डागडुजी होते ती नंतर, विश्रांतीत आणि झोपेत. पळणं ही नुसती ऑर्डर. माल तयार होतो गादीवर.

पुरावा हवा तर चार मिनिटांच्या आत मैल पळणाऱ्या पहिल्या धावपटूचा, रॉजर बॅनिस्टरचा घ्या. 1954 च्या वसंतात तो पाव मैलाच्या दहा फेऱ्या मारायचा आणि प्रत्येक फेरी 61 सेकंदांवर येऊन अडायची. आपला एखादा वीर असता तर त्यानं अकरावी फेरी लावली असती. बॅनिस्टर सराव सोडून स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला गेला, परत आला आणि फेरी 59 सेकंदांत मारली. त्याच वर्षी 6 मे रोजी ऑक्सफर्डला त्यानं मैल 3 मिनिटं 59.4 सेकंदांत संपवला. ‘आम्हाला नोकऱ्या आहेत, वेळ थोडा, म्हणून रोज जीव तोडून पळतो’ म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की हा गृहस्थ तेव्हा डॉक्टरकीचा अभ्यास करत होता आणि दुपारच्या सुटीत सराव उरकत होता.

कुणी म्हणेल, न्यूझीलंडचा प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड पीटर स्नेलसारख्या 800 मीटरवाल्यालाही आठवड्याला शंभर मैल पळवायचा, आणि स्नेलनं 1960 साली रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक आणलंच की! आणलं. पण लिडियार्ड आधी काही महिने अंतर वाढवायचा, वेगाचा जोर नंतर. आपण दोन्ही एकाच आठवड्यात वाढवतो आणि तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे रांग लावतो. दुसरा आक्षेप हिशेबी मंडळींचा: ‘आम्ही दर आठवड्याला फक्त दहा टक्के वाढवतो.’ नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला नवख्या धावपटूंवर हा नियम तपासला गेला. तो पाळणारे आणि वेगळ्या आराखड्यानं पळणारे, दोन्ही गटांत सुमारे पाचात एक जण जायबंदी झाला. गुडघ्याला टक्केवारी येत नाही, त्याला थकवा तेवढा कळतो.

तेव्हा आठवड्यातले बहुतेक दिवस गप्पा मारता येतील इतकं हळू पळा, एखाद-दुसऱ्या दिवशी खरंच जोरात पळा आणि एक दिवस निर्लज्जपणे लोळा. त्या दिवशी ग्रुप म्यूट करायला विसरू नका.