असेंबलदादा

प्रत्येक सोसायटीत एक असेंबलदादा असतो. वय पंचविशीपासून पंचावन्नपर्यंत कुठलंही. ओळखायची खूण एकच: कुणी कॅबिनेटला ‘सीपीयू’ म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. तयार कॉम्प्युटर घेणारा माणूस त्याच्या लेखी विकतचं पुरण आणून पोळ्या लाटणारा. लॅमिंग्टन रोडवर कुठल्या गाळ्यात रॅम कितीला मिळते, हे त्याला तोंडपाठ. त्या रस्त्याचं डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव मात्र पाटीखाली उभा राहूनही त्याला आठवत नाही.

दादाची मुंज झाली पेंटियम 4 च्या काळात. तेव्हा पिना प्रोसेसरच्याच पोटाला असायच्या, 478. एखादी वाकलीच तर पेन-पेन्सिलीतलं शिसं काढायचं, तिचं पोकळ टोक पिनेवर चढवायचं आणि हलकेच सरळ करायचं. 2004 मध्ये इंटेलने 775 हे सॉकेट आणलं आणि पिना मदरबोर्डावरच्या त्या सॉकेटात रोवल्या. प्रोसेसरच्या पोटावर उरले नुसते सोनेरी ठिपके. एएमडीने घरगुती कॉम्प्युटरसाठी हा रस्ता धरला तो थेट 2022 मध्ये, एएम5 च्या वेळी. इंटेलच्या 2021 च्या सॉकेटात काडेपेटीएवढ्या जागेत 1700 पिना आहेत. त्या खिळ्यासारख्या ताठही नसतात. प्रत्येक पिन म्हणजे आधीच वाकवलेली बारीक स्प्रिंग. तिथे पेन्सिल उपयोगाची नाही, हे दादाला ठाऊक असतं. तरी पेन्सिल खिशात असतेच.

शेजारच्या काकूंच्या मुलाला बारावीनंतर कॉम्प्युटर हवा होता. दादाने पार्ट आणले, पलंगावर मांडले, पंखा बंद करायला लावला आणि प्रेक्षक जमेपर्यंत हात लावला नाही. मग प्रोसेसर दोन बोटांत धरून कोपऱ्यातल्या सोनेरी त्रिकोणाचं महत्त्व समजावू लागला. पंखा बंद, बोटं घामेजलेली. निसटला. अर्ध्या इंचावरून, थेट सॉकेटात, कोपऱ्यावर.

“काही नाही, काही नाही,” दादा म्हणाला. हे शब्द दोनदा आले की समजावं, काहीतरी झालंय.

सॉकेटचा खटका दाबताना करकर आवाज झाला तशा काकू दचकल्या. वास्तविक तो आवाज रास्त आहे; तो खटका जोर लावूनच बसतो. सॉकेटवरची काळी प्लॅस्टिकची टोपी टप्पदिशी उडाली आणि पलंगाखाली गेली. तीही तशीच उडायची असते. खरं नुकसान आधीच, अगदी बिनआवाजी होऊन गेलं होतं.

पंखे फिरले. डिस्प्ले नाही. बोर्डावर रॅमच्या नावाचा छोटा पिवळा दिवा तेवढा लागून राहिला. आता दादाच्या संशयितांची यादी सुरू झाली: मॉनिटरची वायर, मग रॅम, मग एसएमपीएस, मग सोसायटीचं अर्थिंग. सगळे निर्दोष सुटल्यावर शेवटचं वाक्य: “पीस आलाच तसा.” या यादीत स्वतःची बोटं कधीच नसतात.

तासाभराने कूलर निघाला, प्रोसेसर निघाला. आजोबांचं पेपर वाचायचं भिंग आलं, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला गेला. तिरप्या उजेडात पिनांची टोकं रांगेने चमकतात. एका कोपऱ्यात चमक तुटली होती. परतीच्या पावसात भात आडवं व्हावं तशा दोन पिना शेजारणींच्या अंगावर झोपलेल्या. काकूंनी शिवणाच्या डब्यातली सुई दिली.

इथे मात्र दादाला मान द्यायला हवा. पुढची चाळीस मिनिटं तो एक शब्द बोलला नाही; सोसायटीच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. श्वास रोखून, केसभर उचलायचं, पुन्हा भिंगातून पाहायचं. पहिली पिन उभी राहिली. दुसरी जरा जास्त उचलली गेली आणि तुटली.

1700 मधल्या बऱ्याच पिना वीज आणि ग्राउंडच्या असतात, एकच काम अनेकजणी वाटून घेतात. त्यातली एखादी गेली तर कधीकधी पत्ताही लागत नाही. ही नेमकी रॅमच्या वाटेवरची निघाली. डिस्प्ले आला, पण दोन पट्ट्यांपैकी एकच दिसू लागली. 16 जीबीचे 8 झाले. “सध्या पुरे आहेत,” दादाने निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या पोराने कहाणी ऐकलीच नाही. आधी सॉकेटात टॉर्च मारला. “फिजिकल डॅमेज. वॉरंटीत बसत नाही.” मग वर मान न करता विचारलं, “आणि टोपी कुठंय? टोपीशिवाय बोर्ड जमाच करून घेत नाहीत.”

टोपी दिवाळीच्या साफसफाईनंतर दिसली. काकूंच्या शिवणाच्या डब्यात होती. त्यांनी तिच्यात टाचण्या ठेवल्या होत्या, सगळ्या सरळ.