'टू'चा पाहुणचार

इंग्रजीत एक नियम तसा सरळ आहे: शब्दयोगी अव्ययानंतर क्रियापद आलं, की त्याला 'इंग'ची शेपटी लावायची. बिफोर ईटिंग, आफ्टर ईटिंग, विदाउट ईटिंग. एवढं सोपं व्याकरण कुणाला तरी बघवलं नसावं. त्याने मध्ये 'टू' घुसवला.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा मात्र दोन्हीकडे भरपेट जेवतो. 'आय वाँट टू गो'मध्ये तो क्रियापदाचा घरजावई, तिथे शेपटीचं नाव काढायचं नाही. 'लुक फॉरवर्ड टू'मध्ये तो अस्सल अव्यय, म्हणून 'मीटिंग यू'. आपल्याकडचे निम्मे अर्ज इथेच 'टू मीट यू' म्हणून मोकळे होतात.

'आय यूज्ड टू ड्रिंक' म्हणणारा सुधारलेला असतो. 'आय अ‍ॅम यूज्ड टू ड्रिंकिंग' म्हणणारा मुरलेला. मुलाखतीला जाताना एवढा फरक पाठ असावा.

इंग्रजांनाही या अव्ययांनी सुखाने झोपू दिलेलं नाही. कवी जॉन ड्रायडनने 1672 साली वाक्याच्या शेवटी लोंबणाऱ्या अव्ययावरून नाटककार बेन जॉन्सनला धारेवर धरलं. जॉन्सन वारून तेव्हा 35 वर्षं झाली होती, त्यामुळे उत्तर आलं नाही. पुढे ड्रायडनसाहेब स्वतःच्याच जुन्या निबंधातली तसली अव्ययं उपटत बसले.

तेव्हा अर्ज धाडण्यापूर्वी 'टू'नंतर क्रियापदाऐवजी एखादं नाम ठेवून पाहा. 'लुक फॉरवर्ड टू द पार्टी' चालतं ना? मग शेपटी लावा.