बाँडसाहेबांना अनावृत पत्र

श्रीमान पाचशे रुपयांचे बाँडसाहेब,
मुक्काम : नोटरीचे टेबल, नांदेड

ऑक्टोबर २०२४ मध्ये शासनाने आपल्याला, म्हणजे मुद्रांकाच्या कागदाला, शंभरावरून पाचशेवर बढती दिली, त्याबद्दल अभिनंदन. पगार वाढला, काम तेच. नांदेडचा तरोडा असो, कौठा असो की लातूरचा औसा रोड, पायाचे खड्डे खणले जात असतानाच चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आपल्या पाठीवर विकता येतो. नोटरीचा शिक्का बसला की पेढेही वाटता येतात.

या आनंदात रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याचे कलम १३ तेवढे मिठाचा खडा टाकते. किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची तर बिल्डरने आधी करारनामा नोंदवावा, असे ते म्हणते. महाराष्ट्राला हे १९६३ च्या मोफा या फ्लॅट मालकी कायद्यातच सुचले होते. तेव्हा मर्यादा वीस टक्के होती. नोंदणीच्या या हट्टाचे कारण साधे आहे. नोटरी सही कुणाची ते पाहतो. तोच फ्लॅट काल दुसऱ्याला दिला का, हे शोधण्याची सोय त्याच्या रजिस्टरात नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की मात्र इंडेक्स टू हा त्याचा उतारा निघतो आणि तो कुणालाही पाहता येतो. एक फ्लॅट दोघांना विकण्याची कला तिथे अवघड होऊन बसते.

आपले चाहते विचारतील, भिंत नाही, छत नाही, मग करारनामा नोंदवताना चाळीस लाखांवर दोन लाखांहून जास्त मुद्रांक शुल्क कशाचे? प्रश्न रास्त आहे. पण हे शुल्क पुढे खरेदीखताच्या वेळी वजा धरले जाते. ताबा घेण्याआधी, पाच वर्षांच्या आत, करार नोंदणीकृत रद्दलेखाने मोडला तर सहा महिन्यांत परताव्याचा अर्ज करता येतो. (चपला झिजतात, हे मान्य.) आणि आपल्या पाचशेवर सोडलेल्या वीस लाखांचा परतावा कोणत्या खिडकीवर मिळतो? दुय्यम निबंधक जमिनीची मालकी तपासत नाही, हा आक्षेप मात्र खरा. सातबारा, बिनशेतीचा आदेश, बांधकाम परवानगी घेणाऱ्यानेच पाहायची. पण तपास अपुरा म्हणून पुरावाही नको, हा तर्क फक्त आपल्यालाच परवडतो.

आठ किंवा त्याहून कमी फ्लॅटच्या इमारतींना महारेराची नोंदणी लागत नाही, तिथे आपले राज्य अबाधित आहे. म्हणून तर तिथल्या घेणाऱ्याने करारनामा नोंदवण्याचा जास्त हट्ट धरावा. आपण हमीपत्रे सांभाळावीत; फ्लॅटच्या व्यवहारातून आता निवृत्त व्हावे, ही विनंती.

आपला,
दहा टक्क्यांवर थांबलेला एक ग्राहक