बाबा, माळा भाड्याने देऊ नका

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप बाबांस,


दादाकडून कळलं की रायपूरच्या सदर बाजारातल्या घराचा माळा आणि मागच्या दोन खोल्या 'अमेरिकेसारख्या' सामान ठेवायला भाड्याने द्यायचं तुमच्या मनात आलंय. तुमच्या जावयांनी फोनवर आमच्या गोदामाचं भाडं सांगितलं तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. दहा बाय दहाच्या खोलीला महिन्याला दीडशे डॉलर, हे ऐकून तुम्ही गप्प झालात. आणि तुम्ही गप्प झालात की मनात हिशेब सुरू असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तर आधी धंदा समजून घ्या. याला इथे सेल्फ स्टोरेज म्हणतात. १९६० च्या दशकात टेक्सासमध्ये हे सुरू झालं आणि आज देशभरात अशी ५०,००० च्या वर ठिकाणं आहेत. मॅकडोनाल्ड आणि स्टारबक्सची अमेरिकेतली सगळी दुकानं एकत्र मोजली तरी हा आकडा त्यापेक्षा मोठा भरतो. ज्यांच्या घरांना तळघर, माळा आणि दोन गाड्यांचं गॅरेज असतं, त्यांनाच अडगळ ठेवायला जागा पुरत नाही. आम्ही मोठं घर सोडून अपार्टमेंटमध्ये आलो, म्हणून आम्हीही त्या रांगेत.

या धंद्याची खरी मेख अशी की मालक काहीच सांभाळत नाही. तो फक्त खोली देतो. कुलूप आपलं, किल्ली आपली, आत काय आहे ते त्याला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. लोखंडी शटर वर सरकवायचं, खोकी टाकायची, शटर खाली. कॉरिडॉरमधला दिवा माणूस हलला तरच लागतो. मी खोक्यात गणपतीच्या मखराचे तुकडे शोधत उभी राहिले की थोड्या वेळात गुडुप अंधार. मग एका हातात मखर धरून दुसरा हात हवेत आरती ओवाळल्यासारखा फिरवायचा. परवा तेवढ्यात शेजारच्या खोलीवाले गोरे आजोबा आले. काही न विचारता त्यांनीही हात हलवायला सुरुवात केली. बहुधा शेजारधर्म असावा.

आता नियम. आमचा करार मी आपला माळा डोळ्यांपुढे आणून पुन्हा वाचला आणि हसून हसून पुरेवाट झाली.

खाण्याचं काही ठेवायचं नाही, कारण मग उंदीर येतात. म्हणजे आईची रखिया बडी, बिजौरी, कैरीच्या लोणच्याच्या बरण्या, सगळं बाद. तांदळाची कोठीसुद्धा. नगरी दुबराज तांदळाला २०२३ मध्ये जीआय मानांकन मिळालं असलं तरी इथे त्याला प्रवेश नाही. पेट्रोल, रॉकेल, गॅसचं सिलिंडर, रंगाचे डबे, फटाके चालत नाहीत. म्हणजे आजीचा प्रायमस आणि त्याच्या शेजारचा, कुणी हलवला तर अजून डुचमळणारा तो डबा गेला. जिवंत काही ठेवायचं नाही. आपल्या माळ्यावर दर पावसाळ्यात मांजर विते, तिला नोटीस कोण देणार? आणि कलम आहे की गाळ्यात राहायचं, झोपायचं किंवा स्वयंपाक करायचा नाही. हे वाचून मला एकदम काका आठवले. मागच्या खोलीत दुपारी दोन ते पाच ते जे करतात ते न्यू जर्सीत करारभंगात मोडतं.

मग ठेवायचं काय? जे पेटत नाही, कुजत नाही, श्वास घेत नाही आणि विकायला काढलं तर चार पैसे येत नाहीत ते. आमच्याकडे ट्रेडमिल आहे.

पण खरी गंमत पुढे. आपण राहतो सराफ्यात. घराच्या डाव्या हाताला सोनं, उजव्या हाताला चांदी, समोर दोन्ही. गिऱ्हाईक म्हणून तुमच्या नजरेसमोर हेच शेजारी असणार. आमच्या करारात मात्र लिहिलंय की रोकड, दागिने, महत्त्वाची कागदपत्रं ठेवू नका, आणि आतल्या एकूण सामानाची किंमत ५,००० डॉलरच्या वर जाऊ देऊ नका. सध्याच्या भावात एवढ्यात धड पाटल्यांची जोडी बसत नाही. सोन्याला बँकेचं लॉकर. तिथे १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की आग, चोरी किंवा बँकेच्या माणसाने केलेली लबाडी झाली तर वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत जबाबदारी बँकेची. तुम्ही बँक नाही, पण शेजारी तोच हिशेब काढणार. महिना पाचशे रुपये भाडं, वर्षाचे सहा हजार, त्याचे शंभरपट सहा लाख. बाबा, आहेत?

भाडं थकलं तर इथे आधी मालकाचं कुलूप लागतं, मग नोटीस येते, मग सामानाचा लिलाव होतो. या लिलावांवर २०१० मध्ये 'स्टोरेज वॉर्स' नावाचा टीव्ही कार्यक्रमच निघाला. तुम्ही आत्याच्या सामानाचा लिलाव करणार आहात का? कारण माळ्यावरचा तो कूलर तात्यापाऱ्याहून 'एवढा उन्हाळा संपेपर्यंत' म्हणून आला, आणि त्यानंतर आत्याकडे एसी लागला. दाढ्या-मिशा आणि पुठ्ठ्याच्या तलवारींची ट्रंक चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकानंतर आली ती तिथेच. शेजारच्या काकूंचे लग्नाचे पाट आहेत, त्या लग्नातला नवरदेव आता आजोबा झालाय. बाबा, सेल्फ स्टोरेज तुम्ही किती वर्षं चालवताच आहात. भाडं तेवढं घेत नाही.

आणि तुम्हाला हा धंदा जमायचा नाही याचं कारण जागा नव्हे, तुमचा स्वभाव. कुणी बंद खोकं घेऊन जिना चढला की तुम्ही विचारणार, "काय आहे रे यात?" तो सांगणार. तुम्ही म्हणणार, "हे कशाला ठेवतोस, देऊन टाक." मग आई चहा टाकणार, आणि चहानंतर भाड्याचा विषय काढणं तुमच्या जिवावर येणार. इथला मालक कोण, हे मला आजतागायत माहीत नाही. त्याचं भाडं म्हणूनच वेळेवर जातं.

एक वस्तू मात्र माळ्यावर अशी आहे जी कुठल्याच गोदामात चालणार नाही, आणि माळ्यावरही चालत नाही. तो मोडी कागदांचा लाल रुमाल. आजोबा सांगायचे, आपले पूर्वज नागपूरकर बिंबाजी भोसल्यांच्या मागोमाग रतनपूरला आले. बिंबाजी तिथे आले १७५८ मध्ये. पुढे १८१८ नंतर इंग्रजांनी कारभार रायपूरला आणला, तसे आपणही हललो. दोन्ही वेळा बाकी काय काय मागे राहिलं कुणास ठाऊक, हा रुमाल बरोबर आला. मागच्या वेळी मी तो सोडून पाहिला होता. गाठीशी कापड विरलंय, आत वाळक्या कडुलिंबाचा चुरा, शाई तपकिरी पडलेली, आणि कसरीने एका पानाच्या कडेला झालर काढावी तशी भोकं पाडलीत. वर पत्रा, आणि मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते तुम्ही जाणता. इथे थंड-गरम सांभाळणाऱ्या खोल्यांना जास्त भाडं पडतं ते अशाच गोष्टींसाठी. तरीही करारवाले म्हणतात, जे पुन्हा मिळणार नाही ते आमच्याकडे आणू नका.

तेव्हा एवढं करा. खोल्या भाड्याने द्यायच्या तर सरळ एखाद्या शिकणाऱ्या मुलाला द्या, काकांची दुपार वगळून. आत्याला कूलर न्यायला सांगा, हवं तर माझं नाव पुढे करा. रॉकेलचा डबा आजच दादाला खाली आणायला लावा. आणि तो रुमाल कडक उन्हाचा नवतपा लागायच्या आत आईच्या गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या वरच्या खणात हलवा. मोडी वाचणारं कुणी मंडळात भेटलं तर एकेक पान वाचून घ्या आणि दादाला फोटो काढायला सांगा.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता.क. जावई म्हणताहेत की येताना ट्रेडमिल घेऊन येऊ का. नाही म्हणा.