छपराखालचं ऊन

लग्नाचा हॉल असो, वाढदिवसाचा सत्कार असो, मॉलचं तळघर असो की रात्री साडेनऊला रंगात आलेली हळद, जिथे सूर्याला प्रवेश नाही तिथे सूर्यापासून संरक्षण घेऊन वावरणारा एक वर्ग आपल्याकडे वाढतो आहे. ज्यांच्या डोळ्यांवर उपचार चालू आहेत, ज्यांना मायग्रेनमुळे ट्यूबलाइटही सोसत नाही, त्यांचा इथे संबंध नाही. त्यांनी गॉगल खुशाल घालावा. प्रश्न आहे तो डोळे ठणठणीत असताना केवळ रुबाबासाठी छपराखाली गॉगल लावणाऱ्यांचा. त्यांना हसून सोडून देण्याची पद्धत आहे, पण ती अन्यायाची आहे. माणूस एवढी गैरसोय सोसतो म्हणजे त्याला त्यातून काहीतरी मिळत असणार. तेव्हा हा एक व्यवहार आहे असं समजून त्याचा जमाखर्च मांडलेला बरा.

आधी खर्चाची बाजू. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो आणि चांगल्या उजळलेल्या ऑफिसात पाचशेच्या आसपास. म्हणजे उंबरठा ओलांडला की उजेड दोनशेपटीने उतरतो आणि सूर्याचा बंदोबस्त गवंड्याने आधीच केलेला असतो. उन्हासाठीचा नेहमीचा गडद गॉगल 8 ते 18 टक्केच उजेड डोळ्यांपर्यंत जाऊ देतो. बाहेर हे ठीक आहे, कारण पंधरा टक्के धरले तरी पंधरा हजार लक्स उरतात, ऑफिसच्या तीसपट. आत मात्र त्या पाचशेतले चाळीस ते नव्वद उरतात, साधारण जिन्यातल्या दिव्याखाली असतात तेवढे. डोळ्याची बाहुली बिचारी मोठी होऊन जमेल तेवढं गोळा करते, पण पायरी कुठे संपते हे तिलाही नीट कळत नाही. संथ चाल, मान न वळवणं, समोरच्याला ओळख न देणं, पायरी चढताना कार्यकर्त्याच्या खांद्यावर हात ठेवणं, या सगळ्याला आपण भारदस्तपणा म्हणतो. त्यातला निम्मा भाग निव्वळ न दिसण्याचा आहे. मोबाइलवर मेसेज आला की हाच भारदस्तपणा गॉगल नाकाच्या शेंड्यावर ओढून वरून डोकावतो.

आता जमेची बाजू. आतल्या काळ्या चष्म्याला वजन आहे, हे खोटं नाही. पण ते आलं कुठून ते पाहिलं पाहिजे. जुन्या चीनमध्ये न्यायाधीश धुरकट स्फटिकाचे चष्मे लावत, ते चेहऱ्यावरून निकाल फुटू नये म्हणून, असं सांगतात. तमिळनाडूचे मुख्यमंत्री राहिलेल्या करुणानिधींचा काळा चष्मा डोळ्याला झालेल्या इजेमुळे आला. गायक रॉय ऑर्बिसनची नजर अधू होती आणि त्याचा काळा चष्मा नंबरचा होता. गायक बोनोने 2014 मध्ये सांगितलं की त्याला काचबिंदू आहे. ॲना विंटूर 2018 साली लंडनच्या फॅशन शोमध्ये थेट राणी एलिझाबेथच्या शेजारी काळा चष्मा लावून बसल्या, पण त्याआधी तीस वर्षं त्यांनी ‘व्होग’चं संपादकपद सांभाळलं होतं. प्रत्येक ठिकाणी चष्म्यामागे एक तर दुखणं आहे, नाहीतर कमावलेलं पद. काळा चष्मा लावल्याने कुणी पाचदा मुख्यमंत्री होत नाही. पाचदा मुख्यमंत्री झालेल्याचा चष्मा मात्र लोकांच्या लक्षात राहतो. आमच्या फ्लेक्सवरच्या भाऊंनी या हिशेबातली शेवटची ओळ तेवढी उतरवून घेतली आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: डोळे आमचे, गॉगल आमचा, तुमचं काय जातं? काहीच जात नाही, आणि सरकारचंही जात नाही. 2015 च्या मे महिन्यात पंतप्रधानांच्या स्वागताला गॉगल लावून गेल्याबद्दल बस्तरच्या जिल्हाधिकाऱ्यांना छत्तीसगड सरकारने लेखी समज दिली होती. पण तो गॉगल उघड्यावर होता आणि वर खरोखरचं ऊन होतं. हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली गॉगल लावणाऱ्याला कुणी नोटीस काढल्याचं ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: डोळे झाकले की मनातलं कळत नाही, गूढ वाढतं. मान्य, पण त्यासाठी मनात झाकण्याजोगं काहीतरी लागतं. न्यायाधीशाला निकाल झाकायचा होता. बुफेच्या रांगेतल्या माणसाची नजर गुलाबजामवर आहे, हे त्याच्या ताटावरून कळतंच. तिसरा आक्षेप असा की लोक वळून बघतात, म्हणजे हेतू साधला. बघतात खरे. पण आपल्याकडे छपराखालचा काळा चष्मा पाहिला की पिढ्यान्‌पिढ्या दोनच प्रश्न विचारले जातात: डोळे आलेत का, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं? 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले, तेव्हा तर गॉगल दिसला की माणसं हात मिळवायचं टाळून सरकून बसत. शिवाय बघणारा कौतुकाने बघतोय की शेजारणीला कोपर मारून हसतोय, हे कळायला स्वतःला दिसावं लागतं. ज्याने बघितलं जाण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच्याच नजरेतून प्रेक्षक पुसट होतात.

तेव्हा व्यवहार साफ तोट्याचा आहे: उजेडाचे ऐंशीहून अधिक टक्के देऊन पदरात पडते ती तब्येतीची चौकशी. गंमत म्हणजे हीच मंडळी दुपारी दोन वाजता मोटारसायकलवरून जाताना डोळे बारीक करून चाललेली दिसतात, कारण तेव्हा गॉगल केसांत खोचलेला किंवा शर्टाच्या गळ्याला अडकवलेला असतो. विदर्भातला मे, मराठवाड्यातला एप्रिल आणि बिनसावलीचा कुठलाही महामार्ग या वस्तूची वाट बघत आहे. गॉगल तिथे घाला आणि हॉलच्या दारात चपलांबरोबर उतरवा; चपला परत सापडत नाहीत, गॉगल निदान खिशात सुरक्षित राहील.